पाटावर मांडलेला आवाज

गळा गेला माझा, तोंड नाही गेलं. हे आधीच सांगून ठेवतो. कारण लोक मला भेटले की उगाच हळू बोलायला लागतात, जसा काही मी बहिराही झालोय. अरे बाबांनो, कान शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे आणि राग तर पहिल्यापेक्षा दुप्पट आहे. ओरडून बाहेर काढता येत नाही ना, आतच साठतो.

मी सहदेव. बोरिवलीत राहतो, मूळ मालवणकडचा. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होतो, बरीच वर्षं आरे कॉलनीच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये आमची बस आणि बसमध्ये माझा आवाज. ‘पुढे सरका’ म्हटलं की माणसं सोडा, तबेल्यातल्या म्हशीसुद्धा दोन पावलं पुढे सरकायच्या. थापा वाटतात? ड्रायव्हरला विचारा.

त्याच आवाजात मी दरवर्षी आमच्या गावकरी मंडळात दसऱ्याचं गाऱ्हाणं घालायचो. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने केलेली विनवणी. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आरतीसारखं ते पाठ करून म्हणायचं नसतं. दरवर्षी नवं असतं. यंदा कुणाचं पोर आजारी, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न जमत नाही, ते सगळं नाव घेऊन देवाला ऐकवायचं. त्याला छातीत दम लागतो आणि माणसांची खबरबात लागते. माझ्याकडे दोन्ही होतं.

मग गळ्यात गाठ निघाली. तंबाखू म्हणाल तर हो, खात होतो, आता झालं ते झालं. स्वरयंत्रच काढावं लागणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं आणि घरात सगळे रडायला बसले. आमची श्रुतिका नाही रडली. ती अंधेरीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. संध्याकाळी येताना माईक घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, बोला.”

“काय बोलू?”

“काय वाटेल ते. पेपर वाचा, लाइटचं बिल वाचा, बिस्किटच्या पुड्यावरचं वाचा. गाऱ्हाणं घाला. आईवर ओरडा, तेसुद्धा लागेल.”

ऑपरेशनपर्यंत रोज संध्याकाळी मी बोलत होतो आणि ती भरून घेत होती. आईवर ओरडायचं काम मी विशेष मन लावून केलं. नंतर कितीतरी महिने रविवारी ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि माझ्या बोलण्याचे तुकडे करायची. शब्द वेगळा, श्वास वेगळा, हुंकार वेगळा. त्या तुकड्यांवरून तिने यंत्राला माझ्यासारखं बोलायला शिकवलं.

त्याआधी मला साधा फोन दिला होता. टाइप केलं की तो वाचून दाखवायचा, पण बाईच्या आवाजात. बातम्या सांगतात ना, तशी बाई. मी ‘चहा टाक’ लिहिलं की ती गोड आवाजात चहा मागायची. आमची वनमाला म्हणजे माझी बायको, पहिल्याच दिवशी भडकली. म्हणाली, “ही कोण भवानी माझ्या घरात मला हुकूम सोडते?”

म्हणून श्रुतिकाने लिनक्सवर चालणारा फोन आणला. ‘याच्या आत मला हात घालता येतो बाबा, कुणाची परवानगी लागत नाही,’ असं तिचं म्हणणं. त्यात प्रत्येक प्रोग्रॅम गाठोड्यासारखा येतो, त्याला पॅकेज म्हणतात. माझ्या आवाजाचंही तिने एक पॅकेज बांधलं आणि त्यात घातलं. पहिल्यांदा त्या फोनमधून माझा स्वतःचा आवाज आला तेव्हा वनमाला ओट्याशी होती. हातातली कणीक तशीच ठेवून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि परत आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी काय टाइप केलं होतं? ‘भाजीत मीठ कमी आहे.’

गेल्या दसऱ्याला माझ्या गळ्याच्या जखमेचे टाके ओले होते. मंडळाचे सेक्रेटरी देवदत्त, त्यांच्या साडूने तेव्हा गाऱ्हाणं घातलं. कागदावर बघून! बघून वाचलेलं गाऱ्हाणं म्हणजे शाळेतली हजेरी. यंदा मी देवदत्तांना गाठलं आणि माझ्या फोनच्या तोंडून सांगितलं की मी घालणार. ते डोकं खाजवत म्हणाले, “सहदेवा, मोबाईलच्या तोंडचं देवाला चालेल का रे? बरं, पाच वाजता हॉलमध्ये ये. नाही जमलं तर साडू आहेच. पण एकदा त्याला दिलं ना, की मग दरवर्षी त्यालाच, हां. सारखी बदलाबदल नको.”

म्हणजे बघा काय पणाला लागलं होतं. तो मान माझ्या बापाचा, मग माझा. तो त्या कागदवाल्या साडूकडे कायमचा जाणार होता.

दसरा उजाडला. मी सकाळी लवकर उठलो, खुशीत होतो. फोनवर सूचना आलेली की नवीन अपग्रेड आलंय, करायचं का? श्रुतिकाने बजावून ठेवलं होतं, “मला विचारल्याशिवाय दाबायचं नाही.” पण सणाचा दिवस. घराला तोरण नवं, माझा सदरा नवा, मग फोनने काय घोडं मारलंय? दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं सरकायला लागली. मी म्हटलं चालू दे तुझं, आणि आंघोळीला गेलो.

आता दसऱ्याला आमच्यात हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं ते पाटावर मांडायचं. वनमालाने तिची शिलाईची कात्री मांडली, विळी मांडली, माझा तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच मांडला, श्रुतिकाचा लॅपटॉप मांडला. तिची नजर फोनवर गेली. नवऱ्याचा आवाज म्हणजे सगळ्यात मोठं हत्यार, तो पूजेत नको? उचलला. त्यावर अक्षरं पळतायत. तिला वाटलं, काहीतरी बिघडलंय, पूजेच्या मध्येच बोंबलायला नको. बटण दाबून धरलं आणि बंद करून टाकला. काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि आपट्याचं पान.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर हे!

ओरडायला तोंड उघडलं, ऑपरेशनच्या वेळी गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा. पाटावरचा पंच उचलला आणि एकदा जोरात वाजवला, टिक. बसमध्ये ड्रायव्हरला थांबवायचो तसा. वनमाला फिरली.

“अहो! पूजेतलं उचलता? ठेवा आधी!”

मी फोनकडे बोट दाखवलं, कपाळावर हात मारला, हातांनी सगळं सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं भूक लागलीय. म्हणाली, “नैवेद्य झाला की देते.”

तेवढ्यात श्रुतिका खालून फुलं घेऊन आली. माझा चेहरा बघितला, पाट बघितला, तिला सगळं कळलं.

“बाबा, अपग्रेड दाबलं होतंत?”

मी मान खाली घातली. काय करणार, पकडला गेलो होतो.

“आणि आई, तू मध्येच बंद केलास?”

“मग काय, पूजेत वाजू देऊ?”

श्रुतिका फोन उचलायला वाकली आणि वनमालाने तिचा हात धरला. “हात नाही लावायचा. पूजेला बसवलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत हलत नसतं. संध्याकाळी दिवा लावला की उचल.”

“संध्याकाळी पाच वाजता तर बाबांना गाऱ्हाणं घालायचंय गं!”

“मग तेव्हा चालू होईल ना.”

“नाही होणार.” श्रुतिका खाली बसली. रागावली नाही, हे तिचं विशेष. हे तिने माझ्याकडून घेतलेलं नाही. “आई, असं समज, हॉलमध्ये पंगत बसलीय. जुने पाहुणे उठले, नवे अर्धे बसले, निम्म्यांना पान वाढलं, निम्म्यांना नाही. आणि तू लाइट घालवलीस. आता आत कोण कुठे बसलंय कुणालाच माहीत नाही. परत लाइट लावून एकेकाला नीट बसवावं लागेल. त्याला वेळ लागतो. आणि ते करायला मला लॅपटॉप पण लागेल.”

लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं.

वनमाला पाटाकडे बघत राहिली. बाई शिस्तीची आहे. कोकणात तिच्या माहेरी दसऱ्याला कोयता पूजेला बसला की शेजारी नारळ पडला तरी तो विळ्यानेसुद्धा सोलत नसत. मला वाटलं, झालं, आता साडू गाऱ्हाणं घालणार. पण ती उठली, वाटीत दूधसाखर घेऊन आली, पाटाला दाखवली, अक्षता हातात घेतल्या आणि देवाला म्हणाली, “देवा, आज जरा लवकर उठवते. काम अडलंय. लेकराच्या हातून होऊ दे, काही चुकलं तर ते माझ्यावर घाल.” अक्षता टाकल्या, पाट तसूभर सरकवला. “झाली उत्तरपूजा. घे.”

दसऱ्याची उत्तरपूजा सकाळीच! गावाला कळलं असतं तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण मला त्या क्षणी माझ्या बायकोचा जो अभिमान वाटला, तो लग्नात पण वाटला नव्हता.

फोन चालू केला तर नुसता काळा पडदा आणि एक ओळ. आवाज नाही, चित्र नाही. श्रुतिकाने वायर जोडून लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. अपग्रेड मध्येच तुटलंय, आधी ते पूर्ण करा, असं फोन सांगत होता. तिने एक आज्ञा दिली आणि अर्धवट बसलेली पॅकेजेस एकामागून एक जागेवर बसायला लागली. मी मागे उभा राहून बघत होतो. इंग्रजी मला वाचता येतं, पण ते भराभर सरकत होतं. माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. आम्ही गर्दीच्या बसमध्ये जसा बघता बघता तिकिटाचा गठ्ठा उलगडायचो, तसा हात चालत होता तिचा.

आणि मग थांबलं. लाल अक्षरात चूक.

तेवढ्यात समोरच्या घरातला धवल सोनं द्यायला आला, आपट्याची पानं हातात धरून. मुलगा कॉम्प्युटरमधलाच आहे. वाकून वाचलं आणि म्हणाला, “अगं, सोप्पं आहे. नवीन अपग्रेडने आवाजाची लायब्ररी, म्हणजे ज्याच्या आधारावर फोनचं बोलणं चालतं तो भाग, नवी टाकलीय. काकांच्या आवाजाचं पॅकेज जुन्या लायब्ररीवर बांधलंय, ते नव्यावर बसत नाही. म्हणून फोन विचारतोय, हे पॅकेज काढून टाकू का? बाकी सगळं सुरळीत होईल. येस दाब ना यार.”

“आणि आवाज?”

“नंतर परत बांध.”

“नव्या लायब्ररीवर बांधायचा, तपासायचा, चार दिवस जातील. आज पाच वाजता हवाय.”

“मग वाट लागली,” धवल म्हणाला आणि पानं माझ्या हातात ठेवून खुर्ची ओढून बसला.

श्रुतिकाने माझ्याकडे वळून बघितलं. “बाबा, फोन बरा करायचा तर तुमचा आवाज काढून टाका म्हणतोय. मी नाही म्हणते. चालेल?”

मी पंच एकदा वाजवला. टिक. बसमध्ये एक टिक म्हणजे थांब, आवाजाला हात लावू नको. हिला लहानपणापासून माहीत आहे ते. तिने ‘नाही’ दाबलं.

मग तिने काय काय केलं ते सगळं मी सांगू शकणार नाही. एक युक्ती केली, फोनने दुसरीच चूक दाखवली. धवल म्हणाला जबरदस्ती कर, तीही करून बघितली, तर फोनने बोलायचंच बंद केलं. साधा घंटीचा आवाजही येईना. तिने ते मुकाट्याने परत मागे फिरवलं. दुपार झाली. वनमालाने ताटं वाढली, ही उठेना. शेवटी आईच ताट घेऊन बाजूला बसली. “आ कर.” पुरीश्रीखंडाचा घास तोंडात आणि बोटं चालू. कपाळाला घाम, गालाला श्रीखंड, लॅपटॉपवर कुंकू. माझी धाकधूक तिला दिसू नये म्हणून मी पेपर उघडून बसलो. उलटा धरला होता, हे धवलने सगळ्यांना सांगितलं. गधडा.

एकदम श्रुतिका थांबली. घास गिळला. “थांबा. फोन जुनी पॅकेजेस लगेच टाकून देत नाही. एकदा उतरवून घेतलं की माळ्यावर ठेवतो. आधीच्या वेळची जुनी लायब्ररी तिथे पडली असेल.”

“बघ,” वनमाला लगेच म्हणाली, “आणि मी माळ्यावर डबे ठेवले की सगळे मला ओरडता.”

शोधलं. होती! धुळीत नाही, पण होती. तिने नवी लायब्ररी काढून ती जुनी बसवली. बाकी कुणाचं तिच्यावाचून अडत नाही ना, तेही तपासलं. मग आणखी एक आज्ञा दिली. धवलने विचारलं ती कशाला, तर म्हणाली, “फोनला सांगितलं, पुढचं अपग्रेड आलं तरी ही दोन पॅकेजेस मी सांगेपर्यंत जागची हलवायची नाहीत.”

वनमाला म्हणाली, “म्हणजे पूजेला बसवलीस.”

श्रुतिका हसली. “तसंच गं आई. अगदी तसंच.”

आता आवाज बघायचा. तिने गाऱ्हाण्याची पहिली ओळ टाइप केली. फोन बोलला, पण उंदराच्या आवाजात, चुरूचुरू. धवल हसायला लागला, मी त्याच्याकडे असं बघितलं की गप्प झाला. श्रुतिका काहीतरी आकडे बदलत पुटपुटत होती. “नाही. वेग चुकतोय. बाबा ‘म्हाराजा’च्या आधी थांबतात. श्वास घेतात, मग उचलतात.” आणि आम्हाला दाखवायला म्हणून तिने तोंडाने म्हटलं.

“बा देवा म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिसाक तुझी लेकरां तुझ्या म्होरं उभी आसत रे…” थांबली. श्वास घेतला. “म्हाराजा!”

तो माझा श्वास होता. शब्द कुणीही पाठ करेल, पण तो थांबा, तो उचल, ते ‘रे’ लांबवणं. मुंबईत जन्मलेली पोरगी, घरात शहरी मराठी बोलते, मालवणी कधी बोललीच नाही. पण कितीतरी रविवार माझा आवाज कापत बसली होती ना. आत झिरपला होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता, ती परत आकड्यांत डोकं घालून बसली. मी मात्र पेपर सरळ करायचं विसरलो.

पुढच्या खेपेला फोनमधून माझा खणखणीत आवाज आला. मी ताबडतोब तो हिसकावून घेतला आणि टाइप केलं. फोन गरजला, “फोन कोणी बंद केला होता?”

“आणि अपग्रेड कोणी दाबलं होतं?” वनमाला तितक्याच जोरात म्हणाली. तेव्हा कुठे घरात दसरा आला.

पाचला आम्ही हॉलमध्ये. सगळं मंडळ जमलेलं, देवापुढे समई, आपट्याच्या पानांचा ढीग. साडू पुढच्या रांगेत, खिशातून कागद डोकावतोय. देवदत्तांनी माझ्यासमोर माईक धरला. मी फोन माईकला लावला आणि बटण दाबलं.

“बा देवा म्हाराजा!”

हॉल हलला. खोटं सांगत नाही. म्हातारी माणसं इकडेतिकडे बघायला लागली. देवदत्तांचा मोकळा हात आपोआप छातीशी गेला. “आज दसऱ्याच्या दिसाक तुझी लेकरां तुझ्या म्होरं उभी आसत रे म्हाराजा!” आणि सगळा हॉल एका सुरात, “व्हय म्हाराजा!” साडूने कागद हळूच आत ढकलला. मान माझा होता. परत मिळाला होता, कुणी काढून घेणार नव्हतं.

पुढचं गाऱ्हाणं मी फोनमध्ये भरून ठेवलेलं होतं. पण निघायच्या आधी, वनमाला चपला शोधत होती तेव्हा, मी त्यात एक बदल केला होता. तो कुणालाच माहीत नव्हता. फोन माझ्या आवाजात म्हणाला, “हयसून फुडां माझा चेडू गाऱ्हाणा घालतला.” इथून पुढे माझी लेक घालील.

श्रुतिकाचे डोळे एवढे मोठे. “बाबा, काय? मी?” देवदत्त म्हणाले, “अरे, बायकामाणसाने कधी…” मी खिशातून आणलेला पंच वाजवला. दोनदा. गाडी सोड. देवदत्त बाजूला झाले.

ती उभी राहिली. मग तिने डोळे मिटले आणि माझा तो श्वास घेतला.

“बा देवा म्हाराजा! आमच्या बिल्डिंगीचा काम अडकला हा, ता मार्गाक लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“धवलाच्या आवशीक गुडघ्याचा दुखणा हा, तिका धडधाकट पायार उभी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

एकेकाचं नाव घेत गेली. कुणाचं सुटलं नाही. मी कधी शिकवलं नव्हतं, जिन्यावर, लिफ्टमध्ये, मंडळात कधी ऐकून ठेवलं होतं देव जाणे. माझी छाती अशी भरून आली की गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि वनमालाने पाठीवर हात ठेवला.

शेवटी श्रुतिकाने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“आणि म्हाराजा! माझ्या बापाशीचो आवाज तू ठेवन घेतलंस. तुका गरज आसतली, तुझ्याकडे दुसरो असो आवाज खंय? ठेव. आम्ही मागणव नाय. पण तेचो राग आणि तेचो तोरो आमच्या घरात शंभर वर्सां असोच ऱ्हवांदे रे म्हाराजा!”

आवाज तू ठेव, पण बापाचा राग आणि तोरा आमच्या घरात राहू दे, असं तिने देवालाच सुनावलं; लोक हसत होते, डोळे पुसत होते आणि ‘व्हय’ म्हणायचं विसरून गेले होते. इतकी वर्षं मी सांगणारा होतो, ‘व्हय’ दुसऱ्यांनी म्हणायचं. दोनदा चुकीचं अक्षर लागलं. पण टाइप केलं, फोन वर धरला आणि सगळ्यांच्या आधी, माझ्या स्वतःच्या आवाजात, मी माझ्या लेकीला उत्तर दिलं.

“व्हय म्हाराजा!”